लेकरू गेले

"पेढा घ्या ना," मी म्हटलं, तर त्या बाईनं हातच मागं घेतला.

"आधी कागद द्या. मंग पेढा."

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा रागच आला होता. सकाळपासून ऑफिसात नुसता आनंदीआनंद चालला होता. डॉक्टर सबनीस, म्हणजे आमचे सर, त्यांचा लेख परदेशातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. तान्ह्या बाळांना जुलाबांपासून वाचवणारी नवी लस, तोंडात थेंब पाडून द्यायची. तिची चाचणी आमच्या केंद्रानं बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या वीसेक गावांत घेतली होती. गावोगावच्या बायका बाळांच्या घरी जाऊन कार्डं लिहून आणायच्या, आणि मी ती वाचून कॉम्प्युटरवर भरायची. लेखात माझं नाव असायचं कारण नव्हतं, पण शेवटी बारीक अक्षरांत आभार मानले होते त्यात 'के. निसळ' होतं. मी कुंदा निसळ. ते पान दुपारपर्यंत माझं चार जणांना दाखवून झालं होतं. आणि ही बाई पेढा नको म्हणते!

"कसला कागद?" मी विचारलं.

"मही लेक डोसानं गेली न्हाई, असा कागद. डागदरच्या सहीचा."

तिच्या मागून जिजाबाई ढाकणे पुढं आल्या. कुंभारडोह गावची कार्डं त्याच लिहायच्या. पन्नाशीच्या, सातवी शिकलेल्या, अक्षर मात्र माझ्याहून देखणं. "ही मुक्ता सानप, म्याडम," त्या म्हणाल्या. "आमच्याच गावची. हिच्या शिवकन्येला मीच डोस पाजला व्हता. चारशे सतरा नंबर. ती मार्गशीर्षात गेली, तिकडं ऊसतोडीला गेल्ते तव्हा. आता हिची सासू म्हणती, डोस पाजून पोर मारली. सासू नको म्हणत असताना हिनं तुमच्या फॉर्मावर सही केली म्हणती. नवरा बोलंना झालाय. सगळ्या गावात त्येच."

"सासू म्हणती, घरात ऱ्हायचं तर डागदरचा कागद आण," मुक्ता म्हणाली. "न्हाईतर जा म्हणती माहेरला. माहेरला कोन हाय मला? भाऊ हाय, तर भावजय दारात हुबी करीना."

बाविशीची असेल. उन्हानं रापलेली, हातांना कोयत्याचे घट्टे. पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतलेला. ती माझ्याकडं न बघता टेबलाशी बोलत होती.

मी गोंधळले. आमच्या लेखात एक वाक्य होतं, ते मला पाठ होतं. चाचणीच्या काळात एकाही बाळाचा मृत्यू झाला नाही. सहाशे बाळांत एकही नाही, याचं सरांनाही नवल वाटलं होतं. पण नवल चांगलं असलं की ते कुणी खणत बसत नाही.

"थांबा, बघते," असं म्हणून मी कॉम्प्युटरकडं वळले. चारशे सतरा. शिवकन्या सानप. डोस तीन, तारखा बरोबर. त्यापुढं मार्गशीर्षाच्या भेटीचा रकाना, आणि त्यात 'स्थलांतर'.

मी मोठ्यानंच वाचलं. मेलं माझं तोंड असलंच आहे, आधी बोलतं आणि मग डोकं चालतं. "इथं तर तुमची मुलगी बाहेरगावी गेली असं दिसतंय."

मुक्तानं मान वर केली. पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"कोन्त्या गावी?" तिनं विचारलं.

अगदी चटकन विचारलं. जणू मी गावाचं नाव सांगेन आणि ती तशीच एसटी पकडेल. क्षणभरच. मग तिच्या लक्षात आलं, माझ्याही लक्षात आलं, आणि जिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. मला रात्रंदिवस काही आठवत असेल तर तो प्रश्न आठवतो. अजूनही घरी कुणी म्हणालं की अमके गेले, तर माझ्या तोंडून आधी निघतं, "कुठं?" मुलं हसतात.

"मी लिव्हलं व्हतं, म्याडम," जिजाबाई म्हणाल्या. "फडावरनं सांगावा आला तसं कार्डावर लिव्हलं व्हतं मी."

मी कपाटातून कुंभारडोहाचा गठ्ठा काढला. ऊसतोडीचा हंगाम लागला की तो सगळा पट्टा ओस पडतो. दिवाळी झाली की गावंच्या गावं कोयते घेऊन निघतात, ती पार चैत्रापर्यंत. त्यामुळं मार्गशीर्षाच्या त्या गठ्ठ्यात शेऱ्याच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडं एकच शब्द होता. गेले. गेले. घर बंद, गेले. मी कार्डं उलटत गेले आणि चारशे सतरा हाती आलं. जिजाबाईंच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, 'लेकरू गेले'.

खाली चौकोन छापलेले होते. भेट झाली, घर बंद, स्थलांतर, मृत्यू. एकाही चौकोनावर खूण नव्हती.

"अहो जिजाबाई, 'मृत्यू'वर खूण करायची होती ना!" मी म्हणाले.

"पाच म्हैन्यांच्या लेकराच्या नावाम्होरं तसं लिव्हत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "हात कसा व्हईल? आन् मला वाटलं, एवढं शिकलेली मानसं हापिसात, 'लेकरू गेले' म्हटल्यावर कळंलच की. मी वाट बघत व्हते, कोनी इचारपूस कराया येईल म्हनून."

मी ते कार्ड घेऊन सरांकडं गेले. 

सरांनी मुक्ताला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्याबद्दल वाईट बोलणं मला आजही जमत नाही. देवमाणूस. पंचवीस वर्षं त्या उजाड भागात राहिले, मनात आणलं असतं तर पुण्यात बंगला बांधून बसले असते. त्यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः उठून पाणी दिलं. ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

"फार वाईट झालं," सर म्हणाले. "तुझं दुःख मला कळतंय, बाई. पण कागद असा लगेच देता येत नाही. चौकशी करावी लागते."

"करा की," मुक्ता म्हणाली. "काय इचारायचं ते इचारा मला."

"करू. पंधरा दिवसांनी ये."

त्या दिवशी तिला सगळ्यांनी सगळं विचारलं. कधी गेली, कुठं गेली, बरोबर कोण होतं, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत होतात. पोर कशानं गेली, हे मात्र कुणीच विचारलं नाही. सरांनी नाही, मी नाही. आज मला वाटतं, आम्हाला उत्तराचीच भीती वाटत होती. ताप आला आणि झटके आले, असं ती म्हणाली असती तर? लसीनंच काही झालं असतं तर?

ती गेल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. "कुंदाताई, हे आपल्या दोघांत ठेवा."

"सर, पण लेखात तर छापून आलंय, एकही नाही म्हणून."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता दुरुस्ती पाठवली तर लोक काय म्हणतील? एक मृत्यू लपवला म्हणतील. आपण लपवला नाही, पण कोण ऐकून घेणार? सगळ्या कामावर पाणी पडेल. ही लस उद्या लाखो पोरांना मिळायची आहे. एका चुकीपायी ती अडली, तर जी पोरं मरतील ती कुणाच्या माथी?"

मी मान हलवली. मला पटलं होतं. आणि पटलं नसतं तरी मी मान हलवलीच असती, कारण चूक माझी होती.

पंधरा दिवसांनी मुक्ता आली. सर दौऱ्यावर होते. त्यानंतर पुन्हा आली. सर होते, पण मला म्हणाले, मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगा. मी सांगितलं. ती जिन्यात दोन तास बसून राहिली, मग एसटीची वेळ झाली तशी उठून गेली. जाताना दारातून म्हणाली, "बाई, लई मोठं लिव्हू नका. दोन वळी लिव्हल्या तरी चालंल."

त्याच सुमारास यादी आली. ही यादी म्हणजे काय, ते सांगायला हवं. अशा चाचणीत अर्ध्या बाळांना खरी लस देतात आणि अर्ध्यांना नुसतं गोड पाणी. म्हणजे मग दोघांची तुलना करता येते. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो, आणि सगळं संपेपर्यंत ते कुणालाच कळू देत नाहीत. पाजणाऱ्या जिजाबाईंनाही ठाऊक नसतं. आईबापांना मात्र आधी सांगितलेलं असतं, की यांतलं काहीही मिळू शकतं. ते त्या लांबलचक फॉर्मावर लिहिलेलं असतं, आणि तो कुणी नीट वाचत नाही. लेखातला हिशेब बाहेरच्या तज्ज्ञांनी केला होता, त्यामुळं ती यादी आमच्या केंद्राला सगळ्यांत शेवटी मिळाली. मी सरळ चारशे सतरावर बोट नेलं.

पाणी.

माझ्या जिवात जीव आला. मी धावतच सरांकडं गेले. "सर, तिला लस मिळालीच नव्हती! नुसतं पाणी होतं ते. लसीचा संबंधच नाही!"

सरांनी यादी ओढून घेऊन तो नंबर पाहिला. मग म्हणाले, "चला, बरं झालं. म्हणजे आपल्या मनाला तरी बोच नको."

"मग आता कागद देऊ या ना तिला?"

"कागद दिला की तो गावभर फिरणार. मग विचारतील, मुलगी गेली होती तर तुमच्या लेखात कशी नाही? एक चूक सापडली की लोक दुसरी शोधतात, कुंदाताई. झाकली मूठ सव्वा लाखाची. लसीचा दोष नाही, हे आपल्याला कळलं. पुरे झालं."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सरांना पुढचं काही सुचलं नाही म्हणून मी त्यांना दोष देत नाही, मलाही सुचलं नव्हतं. दोघंही आकड्यांतली माणसं, आणि समोरचा आकडा आम्हाला दिसला नाही. तो मला कुणी दाखवला ते पुढं सांगते.

त्यानंतर मुक्ता आली नाही. पावसाळा गेला. दिवाळी झाली, लोक पुन्हा ऊसतोडीला गेले. मला वाटलं, सुटलो.

संक्रांतीनंतर एक दिवस जिजाबाई आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. खांद्यावरची केंद्राची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"ही घ्या. माझ्यानं आता व्हत न्हाई."

"काय झालं?"

"गोवर आला. दोन लेकरं मेली गावात." या वेळी त्यांनी 'मेली' म्हटलं. "एक तर आमच्या वाड्यातलं. आवं, गोवराची सुई सरकारी हाय, किती वर्षांची जुनी हाय, तिचा आन् तुमच्या थेंबांचा काय संबंध? पन बाया दारंच उघडंनात मला. सात-आठ म्हैने झालं, एक बी लेकरू सुईला आनलं न्हाई कोनी. मला बघितलं का लेकरं आत नेऊन लपवत्यात. मी म्हंजी काय हडळ हाय?"

"पण का?"

"मुक्ता सांगत फिरती ना. डोसानं मही लेक गेली म्हनून. दारोदार जाऊन सांगती."

मला विश्वासच बसेना. "मुक्ता? अहो, तिला तर नेमकं उलटं लिहून हवं होतं!"

"तुमी दिलं का लिव्हून?" जिजाबाईंनी विचारलं.

 जिजाबाई उभ्याच होत्या. मग त्या म्हणाल्या, "म्याडम, एक इचारू? खरं सांगचाल? माझं कार्ड वाचताना तुमाला कायबी वाटलं न्हवतं का? बाकी समद्यांवर नुसतं 'गेले' हाय. ह्या एकावरच 'लेकरू' लिव्हलं व्हतं मी. मुद्दाम लिव्हलं व्हतं."

"नाही हो," मी म्हटलं. "लक्षातच नाही आलं."

हे मी जिजाबाईंना सांगितलं, सरांना सांगितलं, स्वतःलाही कितीदा सांगितलं. पण आलं होतं लक्षात. त्या कार्डावर माझा हात थांबला होता. लेकरू गेले, असं का लिहिलंय, असा विचार मनात येऊन गेला होता. फोन करून विचारावं असंही वाटलं होतं. पण माहिती पाठवायचा तो शेवटचा दिवस होता, चाळीस कार्डं बाकी होती, आणि कुंभारडोहात फोन होता एकच, तोही किराणा दुकानात. मी मनाशी म्हटलं, आईबाप गेले म्हणजे लेकरूही गेलंच की त्यांच्याबरोबर. आणि 'स्थलांतर'चा तीन नंबरचा आकडा दाबला.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. सरांना न विचारता त्या नियतकालिकाला पत्र टाकलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं जसंच्या तसं लिहिलं. नोकरी जाणार होती आणि ती गेलीच, पण ते रामायण वेगळं. दीड वर्षानं त्यांनी तीन ओळींची दुरुस्ती छापली. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मी कुंभारडोहाला जाणारी सकाळची एसटी धरली.

मनात काय होतं सांगू? मला वाटत होतं, मी तिच्यासाठी चांगली बातमी घेऊन चालले आहे. तुझ्या लेकीला डोस मिळालाच नव्हता, तू सही केलीस म्हणून काही झालं नाही, असं सांगितलं की ती रडेल, मोकळी होईल, माझे हात धरेल. हो, असंच वाटत होतं. माणूस स्वतःला किती लाडानं फसवतं!

त्या वर्षी मुक्ता ऊसतोडीला गेली नव्हती, नवरा एकटाच गेला होता. ओट्यावर सासू भागूबाई आणि आळीतल्या, ऊसतोडीला न गेलेल्या पाचसहा बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. मुक्ताही त्यांच्यातच होती, मांडीला मांडी लावून. सासूनं तिला सूप पुढं सरकवलं, ते मी लांबूनच पाहिलं. जिजाबाई माझ्याबरोबर होत्या. त्यांना बघताच एका तरुण बाईनं मांडीवरचं पोर पदराखाली घेतलं.

"मुक्ता, जरा बाजूला येतेस?" मी म्हटलं.

ती आली. घरामागं गोठ्यापाशी उभी राहिली. मी सगळं सांगितलं. कार्ड, शेरा, माझी चूक, लेखातलं ते वाक्य, सरांचं म्हणणं. ती नुसती ऐकत होती. मग मी यादीचं सांगितलं.

"तिला लस मिळालीच नव्हती, मुक्ता. ज्यांना नुसतं गोड पाणी द्यायचं होतं, त्यांत तिचा नंबर होता. म्हणजे तुझा काही दोष नाही. डोसाचाही नाही."

"पानी?" ती म्हणाली.

"हो. साधं गोड पाणी."

"आन् शेजारणीच्या नातीला?"

"ते मला पाठ नाही. काहींना लस, काहींना पाणी. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं ते."

तिनं गोठ्यातलं शेण पायानं बाजूला सारलं. मग विचारलं, "बाई, तुमचं औषध कशावर व्हतं?"

"जुलाबावर."

"मही लेक जुलाबानंच गेली."

"जुलाबानं?" मी म्हटलं.

"चार दिस जुलाब, वकाऱ्या. डोळे पार आत गेल्ते. मुकादम म्हनला, टोळी मोडू नका, उद्या दवाखान्यात नेऊ. उद्याच्याला तिनं मान टाकली." ती हळूच बोलत होती, शब्द मोजून घेतल्यासारखी. "तुमचं ते औषध मिळालं आसतं, तर ऱ्हायली आसती का ती?"

"तसं सांगता येत नाही गं. दहांतली सहासात बाळं वाचतात..."

"ऱ्हायली आसती, का न्हाई?"

"राहिली असती बहुतेक."

हाच तो आकडा. पाण्याच्या गटातलं एक बाळ जुलाबानं गेलं, म्हणजे लस किती गरजेची आहे याचा त्याहून मोठा पुरावा आम्हाला कुठून मिळणार होता? तिच्या लेकीनं आमच्याच बाजूनं साक्ष दिली होती, आणि आम्ही घाबरून ती दडपली होती. साप म्हणून भुई धोपटत बसलो होतो दोघं. 

"मग तू का सांगत फिरलीस," मी विचारलं, "डोसानं गेली म्हणून?"

"काय करू मंग? तुमी कागद देईनात. डोसानं गेली न्हाई म्हटलं, तर मंग कशानं गेली ते सांगावं लागतंया. मी बी डोसानंच गेली म्हटल्यावर सासू म्हनली, जाऊ दे, तुला बिचारीला फसवलं त्यांनी. आन् घरात घेतलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ती दोन लेकरं गोवरानं गेली ना, त्यातल्या एकाच्या आईला मीच सांगितलं व्हतं, सुई देऊ नको म्हनून. महीच मैतरीन."

मी रडायला लागले. ती रडली नाही.

"चला," ती म्हणाली. "ह्ये त्यांच्याम्होरं सांगा."

मला वाटलं होतं त्याहून ते अवघड गेलं. ओट्यासमोर उभी राहून मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. शेंगा फोडणारे हात थांबले. चुकले म्हणाले, दोनदा म्हणाले. मग म्हणाले की लस वाईट नाही, गोवराची सुई तर मुळीच वाईट नाही, बाळांना द्या, पाया पडते.

पदराखाली पोर घेतलेली ती तरुण बाई, द्वारका तिचं नाव, शांतपणे म्हणाली, "बाई, तव्हा बी तुमीच सांगत व्हता, कोनी गेलं न्हाई म्हनून. छापून आनलं व्हतं. आता बी तुमीच सांगताय. मंग आताचं तरी खरं कशावरून?"

 शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ती करणारानं शीतच लपवलं तर पुढं कुणी कशाला विश्वास ठेवावा?  

"ती खरं बोलती," मुक्ता म्हणाली.

"तुला काय ठाव?"

"खोटं बोलाया आली आसती, तर मला बरं वाटंल आसं बोलली आसती."

 मग भागूबाईंनी हातातली शेंग खाली टाकली. "आगं, मंग माही नात गेली कशानं? तू बी म्हनत व्हतीस ना, डोसानं गेली म्हनून? आँ?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. मी मध्येच म्हणाले, "आजी, आता ते जाऊ द्या, त्यात हिचा काही..."

पण मुक्तानं मला हातानं थांबवलं.

"जुलाबानं गेली, आत्या," ती म्हणाली. "पाटाचं पानी पाजलं मी तिला. तुमी सांगितलं व्हतं उकळून पाज म्हनून. दिसभर तोडून आल्यावर पुन्यांदा चूल पेटवायचं जिवावर आलं. तसंच पाजलं."

भागूबाई उठल्या. सूप उचललं आणि सुनेच्या अंगावरून घरात निघून गेल्या. एकेक करून बाकीच्याही उठल्या, कुणी चपला शोधत, कुणी लुगडं झटकत. मुक्ताकडं कुणी बघेना. द्वारका तेवढी थांबली. तिनं पोर खांद्यावर घेतलं आणि जिजाबाईंना विचारलं, "सुई बुधवारीच आसती का? किती वाजता येऊ?"

"धा वाजता," जिजाबाई म्हणाल्या. 

ओट्यावर टरफलांचा ढीग आणि मुक्ता. मी तिच्याजवळ गेले.  घराच्या आतून भांडी आपटल्याचे आवाज येत होते. मुक्तानं खाली बसून टरफलं गोळा करायला घेतली, आणि मान वर न करता मला विचारलं,

"झालं का बाई, तुमचं काम?"

"झालं," मी म्हणाले.